वैचारिक वारस आणि कायदेशीर वारस

आपल्या चळवळीत 'वारस' या शब्दाइतका वापरून गुळगुळीत झालेला दुसरा शब्द क्वचितच असेल. फुले-आंबेडकरांचे वारस, बुद्धाच्या विचाराचे वारस, चवदार तळ्याच्या संगराचे वारस असे आपण व्यासपीठावरून स्वतःला म्हणवून घेतो आणि त्याच दमात समोरच्या गटाला तो अधिकार नाकारतो. या शब्दाला एक दुसरा, कोरडा अर्थही आहे. माणूस गेल्यावर त्याचे घर, शेत, ठेव, कर्ज, कागद आणि पुस्तके कोणाकडे जातात, कोणत्या कचेरीतून जातात आणि त्यासाठीचा अर्ज कोण लिहितो, हा तो अर्थ. तो तलाठ्याच्या दप्तरात आणि दिवाणी न्यायालयात राहतो. आपल्या परिसंवादांत त्याला कधी जागा मिळाली नाही.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडायचे आहे की, या दोन अर्थांची फारकत आपल्याला फार महाग पडलेली आहे. वैचारिक वारस कोण यावर आपण रणे माजवली. त्याच काळात प्रत्यक्ष वारसा कुलपात पडून होता. हे मी अलंकाराने म्हणत नाही. बाबासाहेबांच्या अप्रकाशित लेखनाची हकीकत हा त्याचा पुरावा आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

१

मरणाशी आपला संबंध जुना आहे. गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना खबर पोचवायची महाराने. सरणाची लाकडे वाहायची महाराने. मेलेले ढोर ओढायचे महाराने. आणि मढ्यावरचे कापड हा त्याचा हक्क म्हणून मोजला जाई. मनुस्मृतीने चांडाळाला मृतांची वस्त्रे नेमून दिली आणि शूद्राने, ऐपत असली तरी, धनाचा साठा करू नये असे बजावले. शेताच्या सीमेचा वाद उपटला की महाराची साक्ष घेतली जाई. कोणाचा बांध कुठे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसे. म्हणजे दुसऱ्याच्या मरणाला आपण हजर, दुसऱ्याच्या जमिनीचे आपण साक्षीदार. पण ज्या बैठकीत मेलेल्याच्या मालमत्तेची वाटणी होई, त्या बैठकीत आपल्याला जागा नव्हती. आपल्या स्वतःच्या घरात तशी बैठक बसण्याचे कारणच नव्हते.

कोणी म्हणेल, महारांना वतन होते. होते. पण ते वतन चाकरीच्या खुंट्याला बांधलेले होते. १८७४ च्या वतन कायद्याने ते पक्के केले. वतनाचा वारस म्हणून नाव लागणे म्हणजे गावकामगाराची वेठ नावावर लागणे. १८८६ च्या दुरुस्तीने तर वतनदार घराण्यातील स्त्रियांना, शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा वगळता, पुरुष वारसांच्या मागे उभे केले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, ते ही बेडी तोडण्यासाठी. कनिष्ठ गावकी वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि १ फेब्रुवारी १९५९ पासून तो अमलात आला. जमिनी प्रथम सरकारजमा झाल्या. आकाराच्या ठरावीक पटीत रक्कम भरील त्याला त्या नव्या शर्तीने परत मिळाल्या, आणि कलेक्टरच्या परवानगीवाचून विकण्याची मुभा राहिली नाही.

याचा अर्थ असा की, मरताना काही मागे ठेवण्याजोगी आपली पिढी फार अलीकडची आहे. गिरणीतला फंड, रेल्वेतली नोकरी, नगरपालिकेची खोली, रिग्रँट झालेला दीड-दोन एकराचा तुकडा, शिक्षकाचे निवृत्तिवेतन हे सारे आजोबा-वडिलांच्या पिढीचे. ब्राह्मण-मराठा-वाणी घराण्यांतून जसा पिढीजात वैद्य असतो तसा पिढीजात वकीलही असतो. कोणता कागद कुठल्या पेटीत आहे हे त्याला ठाऊक असते. आपल्याकडे वकील शब्द निघाला की तो मारामारीच्या केसपुरता, जामिनापुरता, अत्याचाराच्या खटल्यापुरता. मरणानंतरही वकील लागतो, ही कल्पनाच आपल्या व्यवहारात उतरलेली नाही.

२

ही कल्पना ज्याने आपल्या परंपरेत पहिल्यांदा आचरली तो माणूस म्हणजे जोतिराव फुले. त्यांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र केले आणि ते सरकारी दप्तरात नोंदवले. जोतिरावांच्या चरित्रात या दस्ताचा उल्लेख सहसा दोन ओळींत उरकला जातो. माझ्या मते त्याला सत्यशोधक विचाराच्या कागदपत्रांत मोठे स्थान आहे.

परिस्थिती ध्यानात घ्या. जोतिराव-सावित्रीबाईंना मूल नव्हते. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. धर्मशास्त्राला असे दत्तक मंजूर होणे कठीण, आणि भाऊबंदांना ते खुपणारे. जोतिराव नुसते बोलून थांबते, तर त्यांच्या पश्चात एका दाव्यात सगळे उडाले असते. दत्तकाचा प्रश्न शास्त्र्याच्या हाती, पण मृत्युपत्राने दिलेली मिळकत शास्त्र्याच्या हाती नाही, हा भेद त्यांनी अचूक पकडला. शास्त्राचा दरवाजा बंद होता तिथे त्यांनी दस्तनोंदणीच्या कचेरीचा दरवाजा उघडला. सावित्रीबाई आणि यशवंत यांचा हक्क लिहून ठेवला, भाऊबंदांना दूर ठेवले, अंत्यविधीला ब्राह्मण नको असे नमूद केले. आणि यशवंत नालायक निघाला तर शूद्र जातींतील एखाद्या लायक मुलाला मिळकत द्यावी, अशी तजवीजही केली. वारसा रक्ताने ठरत नाही, लायकीने ठरतो, हे तत्त्व त्यांनी स्वतःच्या घरावर लागू करून दाखवले.

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, त्यांना पक्षाघात झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातलाच. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले. हा प्रसंग आपण सांगतो आणि सांगावाच. पण टिटव्याचा वाद स्मशानात मिटला. मिळकतीचा वाद मिटवायला तीन वर्षे आधी केलेला दस्त लागला. जोतिरावांनी पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिलेले 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराच्या आत, यशवंताच्या हातून प्रसिद्ध झाले. लेखकाचे कागद आणि लेखकाचा वारस एकाच छपराखाली होते आणि त्या वारसाच्या हक्काला लेखी आधार होता. हे 'वर्षभराच्या आत' आपण ध्यानात ठेवू.

३

६ डिसेंबर १९५६. दिल्लीला २६, अलिपूर रोडवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर ते या बंगल्यात राहत होते. बंगला त्यांच्या मालकीचा नव्हता. धर्मांतराला दोन महिनेही झाले नव्हते. कोट्यवधी माणसे पोरकी झाली. त्या दुःखाविषयी लिहिण्याची माझी लेखणी नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक रुक्ष प्रश्न विचारावाच लागतो. त्या घरातले कागद त्या दिवसापासून कायद्याने कोणाचे झाले?

येथे एक विलक्षण योगायोग आहे. हिंदू वारसा कायदा त्याच वर्षी १७ जूनला अमलात आला होता. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी आपली सारी विद्वत्ता पणाला लावली, आणि जे रखडवले गेले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच बिलाचा हा एक तुकडा. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. विधवा, मुलगा, मुलगी आणि आई यांना त्याने पहिल्या वर्गात एकत्र बसवले आणि सारखा हिस्सा दिला. म्हणजे स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीने वारस करण्यासाठी झगडलेल्या माणसाच्या मिळकतीला, तो झगडा अंशतः यशस्वी झाल्यावर साडेपाच महिन्यांतच, तोच कायदा लावण्याची वेळ आली. माईसाहेब आणि भय्यासाहेब यशवंतराव हे दोघे कायद्याच्या नजरेत एकाच पायरीवर उभे होते.

चळवळीच्या नजरेत मात्र तसे नव्हते. माईसाहेबांविषयी त्या काळात आपल्या लोकांत किती संशय होता, तो कसा पसरला, आणि त्यांना किती वर्षे चळवळीबाहेर काढावी लागली, हे सर्वश्रुत आहे. त्या संशयाचा न्यायनिवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, कोण कायदेशीर वारस हा प्रश्न आपण सभेच्या टाळ्यांवर सोडवू पाहिला. सभेला तो अधिकार नव्हता. प्रश्न न्यायालयात गेला, आणि न्यायालय जे करते तेच झाले. वाद असलेली वस्तू ताब्यात घेतली गेली आणि कुलूप लागले.

बाबासाहेबांचे कागद प्रथम दिल्लीच्या न्यायालयाच्या ताब्यात गेले. तेथून ते महाराष्ट्र शासनाच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे, म्हणजे महाप्रशासकाकडे आले. हे पद काय आहे ते आपल्या वाचकांना सांगितले पाहिजे. ब्रिटिश अमदानीत कलकत्ता-मद्रास-मुंबईत एखादा गोरा साहेब मेला आणि त्याचे सगेसोयरे विलायतेत असले, की त्याची मालमत्ता सांभाळून, देणी भागवून, उरलेली वारसांना पोचवायला सरकारी अधिकारी लागे. त्या गरजेतून हे पद निघाले. त्यासाठी १९१३ चा कायदा होता, स्वातंत्र्यानंतर १९६३ चा आला. साहेबांच्या घड्याळांची आणि घोड्यांची यादी करण्यासाठी निर्माण झालेल्या कचेरीत महाराच्या मुलाने लिहिलेली क्रांती-प्रतिक्रांतीची मीमांसा लोखंडी पेट्यांत येऊन पडली. त्या कचेरीला दोष देता येत नाही. वस्तू सुरक्षित ठेवणे एवढेच तिचे काम. वस्तू वाचणे हे तिचे काम नव्हे.

सर्वच कागद पेट्यांपर्यंत पोचले असेही नाही. १९६७ च्या आरंभी अलिपूर रोडच्या घराचा ताबा बदलताना माईसाहेबांच्या खोल्यांतले सामान बाहेर काढले गेले आणि कित्येक कागद उघड्यावर पावसात भिजून गेले, अशी तक्रार त्यांनी केली होती. पुढे संपादकांना जी हस्तलिखिते मिळाली त्यांत कित्येक प्रकरणे अपुरी, कित्येक पाने गहाळ, क्रम विस्कटलेला. त्यांतले किती बाबासाहेबांनीच अपुरे ठेवले होते आणि किती घरांच्या आणि कचेऱ्यांच्या फेऱ्यांत गेले, ते आता कोणी वेगळे काढू शकणार नाही.

आता या कुलुपाच्या वर्षांत बाहेर काय चालले होते ते पाहू. ऑक्टोबर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात फुटला. खरा रिपब्लिकन कोण, बाबासाहेबांचा खरा अनुयायी कोण, हा वाद गावोगाव गेला. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. १९७४ मध्ये ती फुटली, आणि फुटीच्या वादाला 'बुद्ध की मार्क्स' असे नाव पडले. दोन्ही बाजूंची माणसे जिवावर उदार होऊन लढलेली, दोघांचीही निष्ठा बावनकशी. काठमांडूचे भाषण लोकांना ठाऊक होते. पण याच प्रश्नावर बाबासाहेबांनी लिहून ठेवलेला निबंध त्या वेळी पेटीत होता. भारत आणि साम्यवादाच्या पूर्वअटी यांवर त्यांनी आरंभलेल्या ग्रंथाची प्रकरणे पेटीत होती. ती हाती असती तर पँथर फुटली नसती, असले भाबडे विधान मी करणार नाही. पण ज्याच्या नावाने आपण भांडत होतो त्याची साक्ष काढल्याशिवाय आपण भांडत होतो, हे मात्र कबूल केले पाहिजे.

कुलूप उघडले कसे? येथे नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. त्यांनी नागपूर खंडपीठात शासनाविरुद्ध दावा लावला. मागणी साधी होती: बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन मला प्रसिद्ध करू द्या, नाही तर शासनाला ते प्रसिद्ध करायला सांगा. प्रकरण पुढे मुंबईला वर्ग झाले आणि वर्षानुवर्षे पडून राहिले. दरम्यान १९७६ मध्ये शासनाने बाबासाहेबांची चरित्रसाधने प्रसिद्ध करण्यासाठी समिती नेमली. १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड निघाला. पण त्या खंडातले लेखन पूर्वी छापलेले होते. अप्रकाशितासाठी पेट्या हव्या होत्या. समितीचे विशेष कार्य अधिकारी वसंत मून यांनी मग जे केले ते खरे तर एखाद्या कसलेल्या वकिलाचे काम होते. वारसांशी बोलणी, महाप्रशासकांशी बोलणी, दावा लावणाऱ्या बनसोडांशी बोलणी. भय्यासाहेब १९७७ मध्ये वारले होते. माईसाहेब आणि प्रकाश आंबेडकर व कुटुंबीयांनी संमती दिली. शासनच छापणार म्हटल्यावर बनसोडांनी दावा मागे घेतला. दावा जिंकण्यासाठी नव्हे, पुस्तक निघण्यासाठी लावलेला होता, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. १९८१ मध्ये पेट्या समितीच्या हाती आल्या.

पंचवीस वर्षे. पुढची सहा वर्षे कागद लावण्यात गेली. १९८७ मध्ये तिसरा आणि चौथा खंड निघाला. तिसऱ्यात क्रांती-प्रतिक्रांतीचे लेखन आणि बुद्ध-मार्क्स निबंध, चौथ्यात 'रिडल्स'. मग १९८७-८८ च्या हिवाळ्यात 'रिडल्स'वरून काय वादळ उठले, राम-कृष्णावरील परिशिष्ट गाळा म्हणून कोण रस्त्यावर आले आणि त्याला आपल्या लोकांनी मुंबईत कसे उत्तर दिले, ते आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना आठवते. एक समाज एका पुस्तकाच्या परिशिष्टासाठी रस्त्यावर येतो, ही भारताच्या इतिहासात साधी गोष्ट नव्हे. पण रस्त्यावर यायला परिशिष्ट छापलेले असावे लागते. ते छापले गेले ते एका दाव्यामुळे, काही सह्यांमुळे आणि एका संमतिपत्रामुळे.

याच्या जोडीला एक दुसरी नोंद करू. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालये संस्थेच्या नावाने चालली. संस्थापकाच्या मृत्यूने त्यांना कुलूप लागले नाही, कारण कायद्याने संस्था मरत नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्येच त्यांच्या शिक्षणसंस्थेमार्फत बाहेर आला. जे संस्थेच्या हाती सोपवले गेले होते ते वर्षभरात लोकांपर्यंत पोचले. जे व्यक्तीच्या नावे राहिले ते पंचवीस वर्षे अडले. यात बाबासाहेबांना दोष देण्याचा विचारही माझ्या मनाला शिवत नाही. शरीर पोखरलेले असताना त्या माणसाने अखेरच्या वर्षात जे केले ते दहा माणसांनी केले नसते. दोष असलाच तर मागे राहिलेल्या आपला.

४

आता आपल्या घरांकडे येऊ. वडील वारले तेव्हा आमच्या घरी तीन गोष्टी उरल्या होत्या: बँकेतली थोडी ठेव, पगाराची थकबाकी, आणि गावी रिग्रँट झालेल्या जमिनीत आजोबांच्या नावचा हिस्सा. आजोबांना जाऊन वीस वर्षे झाली होती, तरी सातबारावर तेच जिवंत. तालुक्याच्या एका वकिलाने सगळे मिळवून देतो म्हणून येणाऱ्या रकमेतला चौथा हिस्सा मागितला. वकिलाने अशिलाच्या येणाऱ्या रकमेत वाटा ठरवून घेणे वकिली व्यवसायाच्या नियमांना धरून नाही, हे आईला कोण सांगणार? नंतर आमच्याच वस्तीतून शिकलेल्या एका मुलीने, जिची सनद नवी होती, एका दुपारी तीन अर्ज लिहिले. कोणत्या कचेरीत कोणता, हे तिने सांगितले. वडिलांची भीमजयंतीतली भाषणे आम्हाला पाठ होती. त्यांच्या कागदांची पिशवी तिने पहिल्यांदा उघडली.

त्या पिशवीतून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण आपले वाचक कार्यकर्ते आहेत.

जमिनीच्या वारसाची नोंद हे महसुली काम. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्याप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते. ही वर्दी न दिल्याने हक्क मरत नाही, पण तीन पिढ्या तुंबल्या की एका सातबाऱ्यामागे साठ वारस उभे राहतात आणि मग जमीन घशात घालणाऱ्याचे फावते. ठेवी आणि येणे रक्कम यांसाठी वारसा हक्काचे प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयातून घ्यावे लागते. त्यासाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा. बँकेत ज्याचे नाव नामनिर्देशनात आहे तो रक्कम स्वीकारणारा असतो, मालक ठरतोच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केले आहे. आणि मृत्युपत्र? त्याला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात. साक्षीदाराला त्यातून काही मिळणारे नसावे. मुंबई शहरातल्या मृत्युपत्रांना प्रोबेटची जी जुनी सक्ती होती, जिच्यापायी चाळीतल्या खोलीसाठीही हायकोर्टाची पायरी चढावी लागे, ती संसदेने २०२५ मध्ये काढून टाकली. म्हणजे पाट्याएवढा दिसणारा हा धोंडा खरे तर वाटीएवढा आहे. पण तो उचलायची पद्धत कोणी तरी दाखवावी लागते.

यात सर्वांत जास्त नागवली जाते ती बाई. हिंदू वारसा कायद्याने १९५६ मध्ये मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये तिला जन्मतः हक्क दिला. तरी दहाव्याचे पाणी वाळत नाही तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. माहेर तुटेल या धाकाने ती अंगठा देते. जयंतीच्या मिरवणुकीत हिंदू कोड बिलाचा फलक धरणारा भाऊच तो कागद पुढे करतो, हे मी एकापेक्षा अधिक घरांत पाहिले आहे. बाबासाहेबांनी ज्यासाठी मंत्रिपद सोडले ते आपण तलाठ्याच्या टेबलावर पाच मिनिटांत सोडून देतो. त्या क्षणी त्या बहिणीच्या बाजूने बोलणारा, कुटुंबाबाहेरचा, कायदा जाणणारा एक माणूस हजर असणे, याचे नाव वकिली मदत.

ही मदत विकतच घ्यावी लागते असे नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. त्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न किती याची चौकशी न होता, मोफत वकील मागता येतो. तालुक्याच्या न्यायालयातच त्याची समिती असते. आपण ॲट्रॉसिटीच्या केससाठी तिच्याकडे जातो. वारसाच्या अर्जासाठी तिथे गेलेला कार्यकर्ता मला अजून भेटायचा आहे.

५

साहित्याच्या चळवळीने या प्रश्नाकडे आणखी एका कारणाने पाहिले पाहिजे. लेखन ही सुद्धा मिळकत आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्याची साठ वर्षे प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात. बाबासाहेबांच्या हयातीतील ग्रंथांवरचा हक्क २०१६ च्या अखेरीस संपला आणि ते सर्वांचे झाले. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या हयातीतील लेखनाची मुदत २०२९ च्या अखेरीपर्यंत आहे. त्यांच्यानंतरच्या पिढीचे कवी, कथाकार, शाहीर, नियतकालिकांचे संपादक एकामागून एक जात आहेत. त्यांची हस्तलिखिते, पत्रे, जुन्या अंकांचे गठ्ठे कोणाच्या माळ्यावर आहेत? पुस्तक पुन्हा छापायला कोणाची सही लागते, हे त्यांच्या मुलांना तरी ठाऊक आहे काय? शोकसभेत आपण त्यांच्या विचाराचा वारसा पुढे नेण्याची शपथ घेतो, आणि वर्षभराने माळा रिकामा करताना तो वारसा रद्दीवाल्याच्या तागडीत जातो.

शासनावर सोपवून मोकळे होता येणार नाही, हेही अनुभवाने सिद्ध झाले आहे. बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडल्याचे वृत्त आले, तेव्हा २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला आपण होऊन त्याची दखल घ्यावी लागली. बनसोडांच्या दाव्याला इतकी वर्षे लोटल्यावरही हे पुस्तक न्यायालयाच्या दारात उभे राहिले.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. शिक्षकांनी वर्गात हिंदू कोड बिल शिकवताना वारसाच्या अर्जाचा नमुना फळ्यावर लिहून दाखवावा. प्रत्येक तालुक्यातील आपल्या सनदधारक मुलामुलींनी महिन्यातला एक दिवस विहारात बसून वस्तीतल्या वारसनोंदींचे अर्ज लिहावेत, आणि त्यात बहिणींची नावे पहिली घालावीत. साठी उलटलेल्या प्रत्येक लेखकाने आणि कार्यकर्त्याने कागदांची यादी करून, ते कोणाकडे जावेत हे दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. जमेल त्याने एखाद्या संस्थेच्या किंवा ग्रंथालयाच्या स्वाधीन आजच करावेत. मृत्यूचे नाव काढणे अशुभ, ही समजूत बाविस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी तरी बाळगू नये.

वैचारिक वारस होण्यासाठी विचार करावा लागतो, हे खरे. पण विचार कागदावर असतो, कागद पेटीत असतो, आणि पेटीची किल्ली कायद्याने ज्याच्या हाती असते त्याची सही लागते. जोतिरावांना हे १८८७ मध्ये कळले होते.